सरळ धावायला शिकवणारे सर

गादीसारखी जाड उशी छातीशी धरून सर समोर उभे राहायचे आणि म्हणायचे, "ये. सरळ माझ्या अंगावर ये."

रग्बीचा चेंडू काखेत धरून आम्ही धावायचो आणि ऐन वेळी बाजूने सटकायचो. सर उशी खाली टाकायचे. "बाजूला काय हाय? बाजूला काय न्हाय. पुढे ये!" सर उत्तनचे. रागावले की गावची बोली यायची, आणि मैदानावर ते बहुतेक रागावलेलेच असायचे.

भाईंदर पूर्वेच्या त्या मैदानाच्या कडेला रविवारी सकाळी तुम्ही उभे असतात, तर तुम्हालाही वाटलं असतं की हा माणूस पोरींना छळतोय. जरा थांबलात तर दिसलं असतं, आदळून पडलेल्या प्रत्येकीला तो हात देऊन उठवतोय आणि मग गुपचूप स्वतःचा खांदा चोळतोय.

आम्ही सगळ्या मूळच्या कबड्डीच्या. पहिल्या सामन्यात मी समोरची फळी फोडून पार गेले आणि सवयीने वळून आमच्याच बाजूला परत धावत आले. चेंडू हातातच. सर डोक्याला हात लावून बसले. "परत कशाला आलीस गो? तिथंच राहायचं होतं!" मग त्यांनाच हसू आवरेना.

बोलण्यातही ते तसेच. एकीच्या वडिलांना दारातूनच म्हणाले, "पोरगी चांगली खेळते. लग्न थांबवा." वडिलांनी लग्न थांबवलं नाही, पण चहा पाजला.

मला मॉलमधल्या चपलांच्या दुकानात नोकरी लागली. रविवारची सुट्टी नाही. "सर, आता जमणार नाही," एवढंच सांगायचं होतं. फोनवर तोंडातून निघालं, "सर, ताप आहे." पुढच्या रविवारी पुन्हा तेच. तिसऱ्या रविवारी सर डाळिंबं घेऊन गोडदेवला आमच्या घरी आले.

आई म्हणाली, "ती तर कामावर गेलीय."

सरांनी पिशवी तिच्या हातात दिली, पाणी प्यायले आणि गेले.

आज फोन करू, उद्या करू, असं करत मी केला नाही. त्यांचाही आला नाही. डाळिंबं मात्र आम्ही संपवली.

काही महिन्यांनी ग्रुपवर मेसेज आला. सर गेले, झोपेतच. मी सगळ्यांसारखे जोडलेले हात टाकले आणि गिऱ्हाइकाला सात नंबरची चप्पल काढून दिली. काहीच वाटलं नाही. अजूनही नीट वाटत नाही. लाज तेवढी वाटते.

नंतर मी उत्तनला त्यांच्या घरी गेले. त्यांच्या बायकोने माझं नाव विचारलं आणि पटकन माझ्या कपाळाला हात लावला.

"तूच ना गो आजारी होतीस? दर रविवारी मैदानावरून आले का म्हणायचे, पोरगी आजारी हाय, बरी झाली का येईल. आता बरी हाय ना?"

खरं काय ते सरांना माहीत होतं. मी तिथेच, त्यांच्या फोटोसमोर उभी होते.

"हो," मी म्हणाले. "आता बरी आहे."