न कळल्याची वही

मला वाचायला दगडूकाकांनी शिकवलं. आमच्या तालुक्याच्या गावी नगरपालिकेच्या वाचनालयात ते शिपाई होते. हे मी मुलुंडच्या शाळेत, भर पालकसभेत सांगितलं आणि सगळं सभागृह हसलं.

प्रश्न संस्थेच्या सचिवांचा होता. त्यांच्या हातात माझ्या सातवीच्या मुलांच्या वह्या होत्या.

"अहो सर, मुलांना काय कळत नाही, ते लिहून घेता? ही पद्धत कुठल्या विद्यापीठात शिकलात?"

मी खरं ते सांगितलं. हसणं थांबल्यावर ते म्हणाले, "शिपाई! तरीच."

माझ्या घरात माझ्याआधी कोणी शाळा पुरी केली नव्हती. पाचवीत मी धडा घडाघडा वाचायचो. डोक्यात काही शिरायचं नाही. गुरुजींना तेवढा आवाज पुरायचा. दगडूकाकांना पुरला नाही. ते स्वतः ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचत. तेच बोट माझ्या ओळीवर ठेवून त्यांनी विचारलं, "हे काय म्हणतंय?" मी तीच ओळ पुन्हा घडाघडा वाचली. त्यांनी पाठकोऱ्या कागदांची वही शिवून दिली. "कळलेलं डोक्यात राहील. न कळलेलं लिही. कोणाला विचारलंस ते लिही. त्यानं काय सांगितलं ते लिही." एवढंच. त्या वहीच्या जोरावर मी बी.ए. झालो, बी.एड. झालो.

मुलुंडला तासिकेवर लागलो. कायम नाही. जेवढे तास मिळतील तेवढ्यापुरता मास्तर. इथली मुलंही माझ्यासारखीच वाचत होती. घडाघडा. उत्तरं गाईडमधली, प्रकल्प झेरॉक्सच्या दुकानातून तयार आणलेले. मी प्रत्येकाला वही करायला लावली. सुरुवातीला सगळ्यांनी एकच लिहिलं, "सर्व कळले." मग निकिताने लिहिलं.

निकिता डोंगरावरच्या वस्तीतली. तिची आई खालच्या सोसायट्यांत भांडी घासते. धड्यात होतं, शहरात पाणी नळाने घरोघरी येतं. निकिताने लिहिलं, "आमच्याकडे टँकर येतो. मग आम्ही शहरात नाही का? टँकरवाल्या दादाला विचारलं. तो म्हणाला, मला काय माहीत, तू हंडा लाव. आईला विचारलं. ती म्हणाली, डोकं नको खाऊ. वॉर्ड ऑफिसच्या वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, तू कोणाची गं? अजून कळलं नाही."

वाचताना ती अडखळायची. पण त्या वर्गात पहिल्यांदा कोणीतरी पुस्तकाला प्रश्न केला होता. तिचं बघून आणखी दहाबारा जणांनी लिहायला सुरुवात केली. मी हरखून गेलो. सगळ्यांना दिसाव्यात म्हणून वह्या वर्गाच्या खिडकीत मांडल्या. तिथूनच त्या सभेत गेल्या.

सचिवांनी निकिताचं पान मोठ्याने वाचलं. मुद्दाम अडखळत. "मग आ... आम्ही श... शहरात नाही का?" पुन्हा हशा. समोरच्या रांगेतल्या एक बाई म्हणाल्या, "टँकरवर पीएचडी करतेय वाटतं!" कोणाचे तरी वडील उठले. "माझा मुलगा घरी येऊन लिहितो, मला कळत नाही. मग शाळेत काय करतो यार तो?"

निकिता शेवटच्या रांगेत आईजवळ बसली होती. आई उठली. हात जोडले. "चुकलं तिचं, साहेब. परत नाही लिहिणार." मग मुलीला कोपराने ढोसून, "माफी माग. माग ना!"

निकिताने आईकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

मी मान डोलावली. माग, अशी.

हे लिहायचं नव्हतं. पण बाकी सगळं याच्यासाठीच लिहितोय.

तिने माफी मागितली. कशाची? न कळल्याची.

आठवड्याने मुख्याध्यापिका बाईंनी वाचन चाचणीचा तक्ता पुढे सरकवला. चाचणी झालीच नव्हती. तरी प्रत्येक नावापुढे 'समजून वाचतो' भरलेलं. निकिताच्या नावापुढेही. फक्त माझी सही बाकी.

"बाई, निम्मी मुलं समजून वाचत नाहीत. हे खरं लिहिलं तर त्यांना निदान कोणी शिकवेल."

"सर, तुम्ही तासिकेवर आहात."

"हो."

"मग?"

मी पेनाचं टोपण लावलं. "सही नाही करणार."

"गावाकडून आलात, शाळेने उभं केलं. थोडी कृतज्ञता असावी माणसाला."

"आहे," मी म्हटलं. "दगडूकाकांबद्दल."

सोमवारी माझा तास दुसऱ्या सरांना दिला. त्यांनी सही केली. वह्या रद्दीत गेल्या. एकही वाचवता आली नाही.

महिन्याने निकिता पाच रस्ता नाक्यावर दिसली. हातात नवं गाईड. मी म्हटलं, "वही करून देऊ का गं परत?"

"नको सर." ती खाली बघत होती. "आता मला सगळं कळतं."

त्या दिवशी खोलीवर आलो आणि हे पत्र लिहिलं.

काका,

तुम्हाला बोट ठेवून वाचावं लागतं, म्हणून थोडक्यात लिहितो.

न कळलेलं: निकिता नावाच्या मुलीने माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मी तिला माफी का मागायला लावली?

कोणाला विचारलं: स्वतःला.

काय सांगितलं: भ्यालो. दुसरं काही नाही.

पुढे मी एका खोट्या कागदावर सही केली नाही. ते कोणाला कौतुकाने सांगू नका. खरी सही आठवडाभर आधीच झाली होती, माझ्या मानेने.

आता शाळा नाही. उद्यापासून वस्तीच्या पायऱ्यांवर कोऱ्या वह्या घेऊन बसणार आहे. कोणी येईल असं वाटत नाही. निकिताची आई तोंड फिरवून वर जाईल, आणि तिचं बरोबर असेल. तरी बसेन. परत कधी एखादं मूल तसं माझ्याकडे पाहील. तेव्हा ही मान डोलणार नाही.