सरांची फाइल

मी तोंडाची फटकळ. मंगरूळपीरला तहसीलजवळ माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे, आणि तिथं येणाऱ्या भल्याभल्यांना मी ऐकवलेलं आहे. अर्ज अर्धवट भरून आणणाऱ्याला, 'दोनच मिनिटांचं काम आहे मॅडम' म्हणून तासभर खुर्ची अडवणाऱ्याला. कोणाला काही सांगायचं तर आपली जीभ अडत नाही, असा माझा समज होता. एका फाइलनं तो उतरवला.

ती फाइल सरांची. सरांनी मला टायपिंग शिकवलं. आमच्या बुद्धविहाराच्या गल्लीतून त्यांच्या क्लासला जाणारी मी पहिली मुलगी. त्यांनी माझी बोटं मशीनवर अशी बसवली की आजही मी की-बोर्डकडं न बघता गिऱ्हाइकाशी भांडू शकते. पुढं मशिनी भंगारात गेल्या आणि कॉम्प्युटर आले. तेव्हा सरांनी कुठून तरी एक लहानसा प्रोग्राम मिळवला. तो टाकला की जुन्या मशीनच्याच बटणांवर तीच मराठी अक्षरं उमटायची, बोटांना नवं काही शिकावं लागायचं नाही. मग कोणत्याही विद्यार्थ्यानं दुकान टाकलं, इथं असो, आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावला असो की मानोऱ्याला, सर पेन ड्राइव्ह घेऊन हजर. 'बिस्मिल्ला' म्हणून तो प्रोग्राम स्वतःच्या हातानं टाकायचे, चहा प्यायचे आणि निघायचे. माझ्या दुकानात त्रिसरण झालं, फीत कापली, पण माझ्या लेखी दुकान उघडलं ते सरांचा प्रोग्राम पडला तेव्हा.

दोनेक वर्षांमागं मी चांगला अँटिव्हायरस घेतला. पहिल्याच दिवशी लाल पट्टी आली. सरांच्या प्रोग्रामची फाइल धोक्याची, म्हणून तिला उचलून क्वारंटाइनमध्ये ठेवलं होतं, कोरोनात पुण्याहून आलेल्या लोकांना आपण शाळेत ठेवलं होतं तसं. मला राग आला तो अँटिव्हायरसचा. काल आलास आणि माझ्या सरांवर संशय घेतोस काय? मी फाइल बाहेर काढली आणि 'अलाउड'च्या यादीत टाकली. म्हणजे हिला पुन्हा हात लावायचा नाही. गिऱ्हाइकाची फाइल अडकली तर तो कितीही गयावया करो, मी सोडत नसे. पण आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं.

मग एक दिवस शाळेच्या एक बाई आल्या. माझ्याकडून टाइप करून नेलेल्या प्रश्नपत्रिका शाळेत उघडायला गेल्या तर पेन ड्राइव्हमधले फोल्डर गायब आणि त्यांच्या जागी नुसते शॉर्टकट. त्या शांतपणे म्हणाल्या की ही लागण तुमच्या दुकानातून आली. मी आधी भांडून घेतलं. त्या गेल्यावर गुपचूप 'अलाउड'ची यादी उघडली. यादीत एकच नाव. ते काढलं, सगळा कॉम्प्युटर तपासायला लावला, आणि माझं तोंड पडलं. सरांच्या प्रोग्रामला चिकटून आलेला व्हायरस माझ्याकडं येणाऱ्या प्रत्येक पेन ड्राइव्हवर चढत होता.

बाईंची माफी मागितली, प्रश्नपत्रिका पुन्हा करून दिल्या. ते सोपं होतं. पण सरांना सांगायचं कोणी? सत्तरी ओलांडलेला माणूस, अजून तीच फाइल खिशात घेऊन फिरत होता. देण्यासारखं त्यांच्याजवळ जे होतं ते त्यांनी सगळ्यांना वाटलं होतं, आणि मी जाऊन म्हणणार की ते घाण आहे. त्यांचं मन मोडलं तर काय तोंड दाखवू, या धाकानं आठ दिवस मी त्यांच्या गल्लीतून जाणंही टाळलं. तेवढ्यात कळलं की मालेगावला एका विद्यार्थ्याचं नवं दुकान उघडतंय आणि सर निघणार आहेत. मग मी सरांकडं गेले.

'तुमची चूक नाही सर, तुमाले बी कोनी तरी देल्लीच असन,' असं दहादा म्हणत मी सांगितलं. सर चष्मा काढून पुसत बसले. त्यांच्या घरून मी चहा न पिता निघाले, असं आजवर झालं नव्हतं. घरी येऊन रडले. आपण तोंड उघडायलाच नको होतं, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी शटर वर करते तर सर पायरीवर उभे. डोक्यावर धुतलेली टोपी, हातात पिशवी. म्हणाले, "चल बेटा. ज्याले ज्याले देल्ली, त्याच्याकडून काढून येऊ."

तीन दिवस आम्ही एसटीनं फिरलो. सर खिडकीशी बसायचे, शेंगदाणे घ्यायचे, अर्धे मला द्यायचे. कोणत्या पोराची करंगळी आखूड होती आणि कोणती पोर पेपराच्या आधी ओकायची, सगळं त्यांना पाठ होतं. माणूस खूश होता. मला कळेना काहून. मी मात्र प्रत्येक दुकानात शिरताना घाबरत होते, की लोक सरांना काय म्हणतील. पण लोक काहीच म्हणाले नाहीत. बहुतेकांकडं अँटिव्हायरस होता, त्यानं लाल पट्टी दाखवली होती, आणि 'अलाउड'च्या यादीत एकच नाव होतं. सगळ्यांनी पाहिलं होतं, सगळ्यांनी सोडलं होतं. सरांचं आहे म्हणून. मी ती फाइल काढायची आणि त्याच बटणांवर चालणारा दुसरा, स्वच्छ प्रोग्राम बसवून द्यायची.

मानोऱ्याला एकानं हात जोडले. आता त्याचं दुकान मोठं, हाताखाली माणसं. तो म्हणाला की राहू द्या सर, आमाले काही तरास नाही, तुमची आठवण हाये ते. सरांनी माऊस स्वतः हातात घेतला, फाइल काढली आणि मग बोलले.

"लाल दिसलं तरी माह्या नावावर सोडून देल्लं तुमी. मंग माह्या चुका कोन काढन?"

त्यानं जोडलेले हात सोडले. मला लाज वाटली, खरी लाज.

शेवटी राहिला सरांचा स्वतःचा कॉम्प्युटर. त्यांनी त्यांची खुर्ची मला दिली आणि मागं उभे राहिले. अँटिव्हायरसनं तपासलं आणि लांबलचक यादी आली. त्यात सरांनी विद्यार्थ्यांच्या सरावासाठी आयुष्यभर जमवलेले उतारे होते. सगळ्यांना लागण झालेली, पुसून टाकण्यावाचून उपाय नव्हता. माझं बोट 'अलाउड'वर गेलं. एकदाच दाबायचं होतं, सरांना कळलंही नसतं. पण मी मागं वळून सांगितलं की हे पुसावे लागतील. त्यांनी विचारलं, सारेच? मी म्हटलं, सारेच. ते आत गेले, कागदांचा गठ्ठा घेऊन आले आणि म्हणाले की कागदावर हायत, तू बस, मी सांगतो.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी मी त्यांच्याकडं जाते. ते उतारा वाचतात, मी टाइप करते, त्यांची सून चहा आणून ठेवते आणि तो निवून जातो. इतकं समाधान मला दुकानात कधी मिळत नाही. परवा वाचता वाचता त्यांनी एक अख्खी ओळ गाळली, वाक्य जुळेना म्हणून माझ्या लक्षात आलं. एरवी मी अंदाजानं भरून घेतली असती आणि चूप बसले असते. माझे हात थांबले.

"सर, इथं तुमी चुकले."

त्यांनी चष्मा वर केला, कागद माझ्यापुढं सरकवला आणि म्हणाले, "दाखव."