श्यामलाबाईंनी दुरुस्त केलेला झेंडा

लंडनच्या कडेला आमच्या पिनरमध्ये श्यामलाबाई देवस्थळींच्या नजरेस फाटकं कापड पडू देऊ नये. एकदा चहाला गेलो तर बाईंनी माझ्या अंगातला स्वेटर उतरवून घेतला. "कोपरावर भोक! फाटकं घालून फिरू नये हो, अवदसा मागे लागते." त्यांचे यजमान श्रीनिवास म्हणजे निवृत्त सर्जन. डॉक्टरांनी जन्मभर माणसं शिवली. बाकी जे जे उसवलं ते बाईंनी. कुणी सांगो न सांगो.

शेजारी दुमित्रू नावाचा म्हातारा रुमानियन राहायचा. २००७ साली त्याचा देश युरोपियन युनियनमध्ये आला, आणि त्याच्या बहिणीला, फ्लोरिकाला, व्हिसाशिवाय इकडे येणं जमलं. ती येणार होती एका झेंड्यासाठी.

त्या झेंड्याची हकीकत मला फार उशिरा कळली. तुम्ही आधीच ऐका. निळा, पिवळा, लाल असे उभे पट्टे. कम्युनिस्ट राजवटीत मधल्या पिवळ्यावर सरकारी चिन्ह असे: गव्हाच्या ओंब्या, डोंगर, तेलविहीर, वर लाल तारा. १९८९च्या डिसेंबरात लोक रस्त्यावर उतरले ते हे चिन्हच कापून टाकून. फ्लोरिकाच्या मुलानंही स्वयंपाकघरात आईची कात्री घेऊन घाईघाईनं, वाकडंतिकडं भोक पाडलं, आणि तो बाहेर पडला. झेंडा परत आला, मुलगा नाही. तिला तो घरात बघवेना, म्हणून भावाकडे दिला. आता म्हातारपणी परत हवा होता. मुलाच्या हातचं तेवढंच उरलं होतं, ते वाकडं कापणं.

दुमित्रूनं झेंडा बाईंकडे आणला. "बाहेरच्या कडा उसवल्यात, तेवढ्या शिवा." मधल्या भोकाबद्दल तो बोललाच नाही. त्याच्या देशात शेंबड्या पोरानंही त्या भोकाला हात लावला नसता.

बाईंनी झेंडा पसरला. "अगंबाई! देशाच्या झेंड्याला भोक? बहीण एवढ्या लांबून येणार, तिला असलं अशुभ हाती द्यायचं?" रीडिंग गावी सॉफ्टवेअरमध्ये असलेल्या लेकाला, पुष्करला, फोन गेला. पोरानं इंटरनेटवरून त्या झेंड्याचं चिन्हासकट चित्र काढून पाठवलं, वर म्हणाला, "आई, हे जुनं आहे हं, आता वापरत नाहीत."

"झेंडाही जुनाच आहे, शहाण्या!"

बाईंनी भोकाच्या दातेरी कडा कातरून छान गोल केल्या. चिंध्या कचऱ्यात गेल्या, कचरा कौन्सिलच्या गाडीत. पिवळं ठिगळ लागलं. त्यावर ओंब्या, डोंगर, विहीर उमटली. शेवटी लाल रेशमाचा तारा.

"ऑपरेशन सक्सेसफुल," डॉक्टर म्हणाले. मीही हसलो. इतकं देखणं भरतकाम बाईंच्या हातून कधी झालं नव्हतं.

बहीणभाऊ आले तेव्हा मी तिथेच होतो, चकली तोंडात. झेंडा जेवणाच्या टेबलावर पसरलेला. दुमित्रूनं झेंडा पाहिला आणि तो बहिणीचा दंड धरून तिला मागे ओढायला लागला. पण तिनं पाहिलं होतं.

ती रडली नाही, ओरडली नाही. ताऱ्याकडे तर तिनं बघितलंही नाही. ठिगळाच्या शिवणीवरून एक बोट गोल फिरवत राहिली, काहीतरी शोधत. मग भावाला हळूच काही विचारलं.

"ती विचारते, कापलेली कड कुठे आहे?"

"टाकली," बाई म्हणाल्या. "का हो? काय झालं?"

दुमित्रूनं सांगितलं. मोजक्याच शब्दांत.

फ्लोरिकानं बाईंच्या शिवणयंत्रावरची कात्री उचलली. डॉक्टर खुर्चीतून अर्धवट उठले. तिनं बाईंकडे पाहिलं, आणि पातं ताऱ्याशेजारी खुपसलं. कापत गेली. ठिगळ, शिवण, शिवणीपलीकडचं मूळ पिवळं कापडही. आधीच्याहून मोठं भोक झालं. झेंड्याची घडी घालून ती निघाली. चिन्ह टेबलावरच राहिलं.

"अहो ऐका ना!" बाई दारापर्यंत धावल्या. शेजारचं दार लागल्याचा आवाज आला.

ते चिन्ह अजून जेवणाच्या टेबलावरच आहे.

"टाकून द्या की," डॉक्टर म्हणतात.

"तुम्ही टाका."

दोघंही हल्ली स्वयंपाकघरात उभ्यानं जेवतात.