चिंचेने घासलेली तलवार

आमच्या घरात एक जुनी जपानी तलवार आहे आणि ती माझ्या आईने चिंचेने घासलेली आहे.

ही गोष्ट कोथरूडमधले बंगले पडून तिथे सोसायट्या उभ्या राहत होत्या, तेव्हाची. मी सॉफ्टवेअरमध्ये होतो आणि जपानी भाषेच्या तीन परीक्षा पास होतो. (चौथीत दोनदा नापास. पण ते कोणी विचारत नसे आणि मीही आपण होऊन सांगत नसे.) कंपनीने मला दोन वर्षं योकोहामाला धाडलं. विमानतळावर वडील, म्हणजे आमचे नाना, एवढंच म्हणाले, "जपून जा. आणि तिकडची कानस कशी असते, ते बघून ठेव."

नाना पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूमला फिटर होते. जन्मभर कानस चालवली. मी शाळेत असताना कंपनी सहा कामगारांना शिकायला जपानला पाठवणार होती आणि त्यात नानांचं नाव पाचवं होतं. पासपोर्ट निघाला, सफारी शिवून झाली, आईने चिवडासुद्धा केला. मग वरून पत्र आलं आणि बेत रद्द झाला. चिवडा आम्ही आठवडाभर खाल्ला. सफारी नानांनी पुढे माझ्या मुंजीत घातली. पासपोर्ट मात्र कपाटात राहिला, सगळी पानं कोरी. मी योकोहामात स्थिरावून त्यांना बोलावलं, तोवर त्यांच्या हृदयाने कुरकुर सुरू केली होती. डॉक्टर विमानाला नाही म्हणाले. नाना फोनवर म्हणाले, "असू दे रे, आहे काय तिथे!" हे म्हणायला त्यांना जरा वेळ लागला, तो मला ऐकू आला.

नाना जपानला जाऊ शकत नाहीत, तर जपान नानांकडे आणायचा, असं मी परत आल्यावर ठरवलं. तेवढ्यात कळलं की वानवडीच्या एका मेजरसाहेबांच्या पत्नी बंगला बिल्डरला देऊन मुलाकडे अमेरिकेला निघाल्या आहेत आणि त्यांच्याकडे एक जपानी तलवार विकायला आहे. (परवान्याची कथा वेगळी आहे आणि ती सरकारी कचेरीत घडते, म्हणून इथे घेत नाही.)

स्वारगेटहून रिक्षा केली. रिक्षात मी नानांना शिकवणी दिली. "नाना, पात्यापेक्षा मुठीच्या आतलं शेपूट महत्त्वाचं. बांबूची खुंटी काढली की मूठ निघते. आतला गंज काळपट हवा, चहाच्या चोथ्यासारखा. तो गंज म्हणजे तलवारीचा जन्मदाखला! आणि सोबत तज्ज्ञांचा कागद असला, तर मग प्रश्नच नाही."

"हं," नाना म्हणाले.

मेजरीणबाईंनी तलवार टेबलावर ठेवली. "आमच्या ह्यांना ब्रह्मदेशात मिळाली, शरण आलेल्या अधिकाऱ्याकडून. नंतर जपानला पाठवून तपासूनही आणली. हा कागद."

जपानी कागद! माझ्या अंगात आलं. मी घसा साफ करून तो मोठ्याने वाचला, लगेच मराठीत सांगितला. तीनशे वर्षांपूर्वीची, अमक्या घराण्यातल्या तमक्या लोहाराची! बाई थक्क झाल्या. मूठ काढली, तर मला गंजातसुद्धा त्या लोहाराचं नाव दिसायला लागलं.

नानांनी खिशातून पट्टी आणि भिंग काढलं. "त्या कागदावर शेपटाचा छाप आहे ना? त्यात खुंटीची भोकं किती?"

"एक."

"इथे दोन आहेत. लांबी किती लिहिलीय?"

मी सांगितली. नानांनी पट्टी लावली. चार बोटं कमी भरली.

"नाना, जपानी कागद आहे. ते लोक चुकत नाहीत हो!"

"ते नाहीच चुकले," नाना शांतपणे म्हणाले. "कागद खरा आहे. तलवारही खरी दिसते. फक्त ह्या दोघांची कधी भेट झालेली नाही."

बाईंनी कपाळावर हात मारला. "अगंबाई! दोन होत्या की! एक माझ्या दिरांनी नेली. हा कागद तिचा असणार!"

मी निघायला उठलो. नाना उठेनात. ते गंजावरून नख फिरवत होते. "कानस मारलीय खाली," ते म्हणाले. "हात बसलेला आहे माणसाचा. घेऊ या रे." नानांनी आयुष्यात माझ्याकडे दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही. तलवार घेतली.

आता कागद नव्हता, म्हणजे उरला तो गंजच. योकोहामाच्या एका जाणकारांनी ईमेलवर कळवलं, शेपटाचे फोटो पाठवा, गंजावरून वय सांगतो. मी घरात हुकूम काढला, "पात्याला कोणीही बोट लावायचं नाही!" (हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे माझ्याविरुद्ध वापरलं गेलं.)

खंडेनवमीचा दिवस उजाडला. आमच्याकडे त्या दिवशी नानांच्या कानशी, माझा लॅपटॉप, आईची विळी असं सगळं पूजेला मांडतात. मी सकाळीच तलवारीची मूठ काढून ठेवली, उजेड छान होता. पण कॅमेऱ्याचे सेल संपलेले! म्हटलं, मंडईतून झेंडू आणायचाच आहे, येताना सेलही आणू.

परत आलो, तर पाटावर तलवार आणि तिचं शेपूट नव्या पातेल्यासारखं लखलखतंय.

"आई! हे काय केलंस?"

"गंजकी वस्तू पूजेला ठेवतात का कुठे?" आई पदराला हात पुसत म्हणाली. "अर्धा तास चिंच आणि रांगोळी लावून घासलंय. आणि ओरडू नकोस, पात्याला बोटसुद्धा लावलेलं नाही. तूच सांगितलं होतंस!"

असतील तेवढी सगळी वर्षं, अर्ध्या तासात! नाव तर नव्हतंच तिथे. मी तरीही फोटो पाठवले. उत्तर अतिशय अदबशीर जपानीत आलं: 'आपल्या मातोश्रींच्या परिश्रमांपुढे मी नतमस्तक आहे. आता ह्या तलवारीचं वय कोणालाही सांगता येणार नाही. मला तर नाहीच.'

मी डोकं धरून बसलो. नाना मात्र भिंग घेऊन खिडकीशी. "इकडे ये. बघ, आता कसं स्वच्छ दिसतंय! तिरकी कानस आहे, सगळ्या रेघा सारख्या. आणि इथे, ही एक बघ. हात घसरला त्याचा. कोणीतरी हाक मारली असणार."

"पण नाव नाही ना, नाना."

"आम्ही तरी कुठे घालायचो नाव?"

मग ते तासभर बोलत होते. तो डावखुरा असेल का, जेवायला काय आणत असेल, चुकल्यावर त्याचा साहेब त्याला काय बोलला असेल. कारखान्यात शेजारच्या व्हाइसवर, म्हणजे पकडशेगड्यावर, काम करणाऱ्या माणसाबद्दल बोलावं, तसं. शेवटी भिंग पुसत म्हणाले, "गेलो असतो ना, तर ह्याच्याशी जमलं असतं माझं." मला आईला रागवायचं होतं, ते राहूनच गेलं.

नानांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. ते भिंग घेऊन खिडकीशी उभे राहतील, असं मला अजून दर खंडेनवमीला वाटतं. मी पाटावर तलवार मांडतो, बाजूला त्यांची कानस आणि तो कोरा पासपोर्ट. शेपटावर पुन्हा तांबूस गंज धरायला लागला आहे. आणखी तीनशे वर्षांत ती नक्की अस्सल होईल.

कागद मात्र नव्हता, म्हणून गेल्या वर्षी तो मीच लिहिला, जपानीत. 'तपासणारे: नाना, टूलरूम फिटर, जपानला जाऊन आलेले. निष्कर्ष: हात बसलेला.' माझी मुलगी आता जपानी शिकते आणि चौथी परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाली आहे. तिने कागद वाचला.

"बाबा, ह्यात चार चुका आहेत. तीन व्याकरणाच्या. आणि आजोबा जपानला कधी गेले होते?"

मी तिच्या हातात पेन दिलं. म्हटलं, "तीन दुरुस्त कर."