मंगलच्या आईचा फोटो

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही – आणि तिला तर माझ्या खिशातली तंबाखूची पुडीसुद्धा ठाऊक असते.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात मी अंधांसाठी पुस्तकं तयार करायचो. पुस्तकाची शिवण कापायची, पानं स्कॅन करायची, कॉम्प्युटरनं चुकीची ओळखलेली अक्षरं सुधारायची. मग ते पुस्तक त्यांना ऐकता यायचं. फोटो मात्र मशीनला वाचता येत नव्हते. त्यात काय दिसतं ते माणसानं लिहायचं – म्हणजे मी.

किल्लारीकडच्या एका गुरुजींनी भूकंपाआधीच्या आपल्या गावावर छोटं पुस्तक काढलं होतं. त्यात फोटोच फोटो. टँकरसाठी धावपळ होती, घरात घोटभर पाणी नव्हतं... पण खोटं कशाला बोलू? टँकर काय दिवसभर येत होता? मला कंटाळा आला होता. प्रत्येक फोटोखाली ‘जुन्या गावाचे दृश्य’ असं लिहिलं आणि मोकळा झालो. कापलेली पानं रद्दीत गेली, स्कॅनही पुसून टाकले.

मग ते पुस्तक ऐकून मंगल आली. जन्मापासून अंध. आई भूकंपात गेलेली, मावशीनं वाढवलेलं.

“सर, मावशी म्हणती त्यात माझ्या मायचा फोटू हाय. मी मांडीवर हाय म्हणं. माय कशी दिसती ते तर कुठंच लिवलं न्हाई.”

काय बिघडलं असतं खरं सांगितलं असतं तर? ‘मी आळस केला, ताई’ – एवढंच ना? पण जीभ रेटेना. “थांबा, बघतो,” म्हणालो, आणि रिकाम्या स्क्रीनकडे बघत एक आई रचली. हिरवं लुगडं. कपाळाला विभूती. हसून समोर बघतेय.

“अजून एकदा सांगा की,” मंगल म्हणाली.

मी पुन्हा सांगितलं – अगदी तस्संच. माझा हात धरून ती रडली. आणि मी? मी तो हात धरू दिला. त्या वेळी मला बरंसुद्धा वाटलं.

आता तिला मुलगी आहे. तिलाही ती हिरव्या लुगड्यातली हसरी आजी सांगते.

गेल्या वर्षी औशाला एका ओळखीच्यांकडे ते पुस्तक दिसलं. उघडून तो फोटो शोधला. फोटो काळा-पांढरा. खाली नावं छापलेली. मंगलच्या आईचा चेहरा दिसतच नाही – पदर पुढे ओढलेला, मान खाली. दिसतात ते फक्त तिचे हात. दोन्ही हातांनी मांडीवरच्या पोरीची हनुवटी धरून तिनं तिचं तोंड फोटोवाल्याकडे वर केलंय – पोरगी तरी नीट दिसावी म्हणून.

मी पुस्तक मिटून परत दिलं. मंगलचा दिवाळीला फोन येतो. आम्ही बोलतो. तिला मी अजून सांगितलेलं नाही.