लंकेला न गेलेले सर

ज्या माणसाने जन्मात समुद्र पाहिला नव्हता, तो आम्हाला आगबोटीची तालीम देत असे. वसतिगृहामागच्या चिंचेला झोका बांधायचा, पोटभर पोहे चारायचे आणि शंभर हेलकावे द्यायचे. ज्याला ओकारी आली नाही, तो पास! हे आमचे भूगोलाचे प्रोफेसर, मूळचे पिंपळगाव राजाचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत बारा पोरांना तीन आठवडे सिलोनला न्यायचं, चहाचे मळे, रबराची झाडं आणि बंदर दाखवायचं, एवढं एकच वेड. सगळं नागपूर कॉलेज त्यांना 'लंकावाले सर' म्हणायचं.

तयारी तरी केवढी! कुठल्या स्टेशनावर पाणी गोड, कुठल्या धर्मशाळेत चूल मिळते, कुठला धडा कुठे उघड्यावर शिकवायचा, हे सारं त्यांनी सहा वर्षं पत्रं लिहून जमवलं होतं. "पाहून आले अन् लिहून नाही आणलं, तं ती जत्रा झाली," असं बजावायचे.

पण त्यांचा खरा हट्ट निराळाच. घरच्या कर्त्याची सही त्यांना पुरत नसे. प्रत्येक पोराच्या गावी जायचं, ओसरीवर बसायचं आणि त्याच्या आईला विचारायचं. "सही कागदावर राह्यते, मायचं 'हो' पोरासंगं राह्यते," म्हणत. अकरा घरं झाली. बारावं माझं, वडनेर भोलजीचं. नेमका तेव्हाच त्यांना हिवताप आला. मग त्यांनी माझ्याजवळ पत्र दिलं: आईला वाचून दाखव, तिचा अंगठा घेऊन ये.

मला वडील नव्हते. समुद्राचं नाव काढलं की आई रडायला लागे. मी पत्र वाचून दाखवलंच नाही. सहल रामटेकला जाते, असं सांगितलं, आणि कागदावर माझाच अंगठा उठवला. लाज वाटली का? अजिबात नाही.

निघायच्या दिवशी नागपूर स्टेशनावर मामा धापा टाकत आला आणि मला एकट्याला गाठलं. दुसऱ्या एका पोराच्या बापाकडून घरी खरं कळलं होतं. "तुह्या मायनं दोन दिसांपासून अन्न सोडलं बे!" गाडी सुटायला अर्धा तास होता. सरांनी मला बाजूला घेतलं. मी सगळं कबूल केलं. वाटलं, आता थोबाडीत बसते. ते हळूच म्हणाले, "खोट्या अंगठ्याचं समजलं तं तुही शिष्यवृत्ती जाईन. चूप राह्य."

आणि बाकीच्यांना सांगितलं, "मले पुन्हा ताप भरला. हा मले घरी पोचवते. तुम्ही निघा." सोबत एक तरुण प्रोफेसर होते. त्यांच्याकडून सरांनी अकरा आयांची नावं दोनदा म्हणवून घेतली आणि स्वतःची ट्रंक उतरवली. मी रडत म्हणालो, "सर, मी मामासंगं जातो. तुम्ही जा ना!" तर म्हणाले, "तुही माय माह्या नावानं रडून राह्यली असंन. ते मलेच ऐका लागते." गाडी हलली तेव्हा मी त्यांचा हात धरला होता. हात थंडगार. ताप कसला अन् काय!

घरी आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. सर ओसरीवर बसले. "माय, तुम्ही जेवल्याबिगर मी पाणी बी घेत नाही." दारचा पाहुणा उपाशी ठेवायचा? आई उठली, भाकरी थापल्या, दोघं जेवली. सरांनी तिला सगळा बेत समजावून सांगितला. तिने डोळे पुसले. "आधी काऊन नाही आले मास्तर? तुमच्यासंगं धाडला असता ना बाप्पा!" सर हसले. "पुढच्या साली नेतो."

पुढची सुट्टी यायच्या आतच दुसरी मोठी लढाई पेटली, आणि कॉलेजने सहली बंद केल्या.

सिलोनहून आलेल्या पोरांनी मात्र आवई उठवली, सर समुद्राला भ्याले! वर्गात फळ्यावर आगबोट काढून ठेवायचे. सर फळा पुसायचे आणि शिकवायला लागायचे. मला ओशाळं वाटू नये म्हणून त्या वेळी माझ्याकडे बघतसुद्धा नसत. उद्या सांगू, उद्या सांगू, असं मी रोज ठरवायचो. पण शिष्यवृत्ती होती ना!

लढाई संपायच्या आतच सर गेले. मी तेव्हा त्याच कॉलेजात शिकवायला लागलो होतो. आता शिष्यवृत्तीची भीती नव्हती. शोकसभेत प्राचार्य म्हणाले, "माणूस फार मोठा. फक्त पाण्याला तेवढा भ्यायचा." सभेत हशा पिकला. मी पहिल्याच रांगेत बसलो होतो. मीही हसलो.