रंगाखालचं लोखंड

मामीचा फोन आला तेव्हा मामांनी ट्रक भंगारात द्यायचं ठरवून टाकलं होतं. सोमवारी माणूस येणार, चेन लावून ओढून नेणार. एवढं सांगून मामी थांबली. मग म्हणाली, "गाडी जाऊ दे गो. पण अशी बंद गेली तर दोष निलेशच्या डोक्यावर कायमचा राहील."

निलेश तिचा मुलगा, माझा मामेभाऊ. दोन वर्षांपूर्वी त्याने ट्रकचा गिअरबॉक्स उतरवून दुरुस्त केला आणि परत चढवला. त्यानंतर काही महिन्यांनी ट्रक सुरू व्हायला त्रास देऊ लागला. मग सुरूच होईना. मामा म्हणाले, पोराने गाडी मारली. निलेश पेणला खोली घेऊन राहिला, एका कंपनीत शिफ्टला लागला. तेव्हापासून बापलेक एकमेकांशी बोलत नाहीत.

मला ट्रकमधलं काही कळत नाही. दुसरं कोणी जाणार नव्हतं, म्हणून मी निघाले.

पुण्याहून रोह्याला जायचे रस्ते बरेच आहेत. मी खोपोलीला घाट उतरून पेणचा रस्ता धरला, कारण निलेशला भेटायचं होतं. फेब्रुवारी होता. गागोद्याच्या बाजूला भाताची शेतं रिकामी होऊन त्यांत वाल उभा होता. या रस्त्यावर सकाळी लवकर असलेलं बरं. नंतर अवजड गाड्या वाढतात आणि वळणावर त्यांच्या मागे राहण्यापलीकडे काही करता येत नाही.

निलेश रात्रपाळी करून आला होता. पेणच्या एसटी स्टँडजवळ आम्ही मिसळ खाल्ली. साठ रुपयांत पोट भरतं, तिखट मात्र बेताने मागावं. मी त्याला चल म्हटलं.

"नाय ताई. मी आलो की ते घरात जाऊन बसतात."

त्याने पिशवीतून मल्टीमीटर काढला. टेबलावर दोन चमचे ठेवून लाल वायर कुठे, काळी कुठे, आकडा कसा वाचायचा ते दाखवलं. उद्या सकाळी फोन चालू ठेव, म्हणाला. मी सांगेन तिथे लाव.

पेणहून महामार्गाने नागोठणे, तिथून आत रोहा. महामार्गाचं काम अजून संपलेलं नाही, वेळ हाताशी ठेवावा. पेणच्या पश्चिमेला खाडी आहे. तिथल्या मिठागरांतून मामांनी वर्षानुवर्षं मीठ वाहिलं. लहानपणी मी त्या ट्रकमध्ये बसायचे. उतरल्यावर ओठ खारट लागायचे.

रोह्याला लागून असलेलं मामांचं वरसे आता गाव राहिलेलं नाही. मामांच्या घराच्या दोन्ही बाजूंना इमारती आल्या आहेत. मागच्या अंगणात ट्रक उभा होता. चाकांपुढे दगड, काचेवर धूळ. पण चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, लालभडक. मीठ लोखंड खातं, म्हणून दसऱ्याच्या आधी चासीला रेड ऑक्साइड मारायचं, हा मिठाच्या गाड्यांचा नेम. मीठ बंद झालं तरी मामांनी तो सोडला नव्हता.

मल्टीमीटर बघून मामा म्हणाले, "तुला कळतं का गो यातलं?"

"नाही."

"मग बरं. ज्यांना कळतं त्यांनीच वाट लावली."

रात्री तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सुका जवळा. भांडी घासताना मामीने हळूच सांगितलं की मामा अजून दर महिन्याला ट्रकच्या बॅटऱ्या उतरवतात, रिक्षात घालून रोह्याला नेतात आणि चार्ज करून आणतात. बंद ट्रकच्या. 

सकाळी फोन स्पीकरवर लावून मडगार्डवर ठेवला. मामा केबिनमध्ये बसले, गाडी न्यूट्रलला घेतली आणि चावी फिरवली. खालून एकदा टक असा आवाज आला. डॅशबोर्डचे दिवे मिणमिणले. पुढे काही नाही.

निलेशने आधी बॅटऱ्या बघायला सांगितल्या. दोन्ही मिळून पंचवीस व्होल्ट. चावी फिरवलेली असतानाही आकडा चोवीसच्या खाली गेला नाही.

"त्यांना सांग, बॅटऱ्या चांगल्या हायत."

"त्याला सांग," मामा केबिनमधून म्हणाले, "मला माहीत हाय."

मग स्टार्टरवर, म्हणजे इंजिनाला पहिला फेरा देणाऱ्या मोटरवर, मीटर लावला. चावी फिरली की तिथे फक्त आठ. बॅटरीतून चोवीस निघतात आणि स्टार्टरला आठ मिळतात, म्हणजे मधे कुठेतरी अडतंय, असं निलेश म्हणाला. त्याचा संशय बॅटरीपासून स्टार्टरला येणाऱ्या जाड वायरीवर होता. मामांचा स्टार्टरवर, आणि त्याहून जास्त फोनवरच्या माणसावर. वायर सोडली, टोकं घासली, परत आवळली. यात तासभर गेला. या तासात ते दोघे माझ्यामार्फत बरंच बोलले. त्याला सांग, बारा नंबरचा पाना गिअरबॉक्सच्या दिवशी हरवला तो अजून मिळालेला नाही. त्यांना सांग, तो सीटखालच्या पेटीत असतो. तो तिथेच होता.

चावी फिरवली. टक.

मामा खाली उतरले. "बास कर. उद्या येतोय तो."

मामी चहा घेऊन आली. चहा घ्यावा म्हणून सगळे थांबलो, नाहीतर तिथेच संपलं असतं.

मामा टायरला टेकून बसले आणि माझ्याशी बोलू लागले. शेवटी शेवटी गाडीने काय काय त्रास दिला ते सांगत होते. अ‍ॅक्सिलरेटरची केबल दोनदा जळली. चावी मारली की तापायची, हात लावला तर चटका. नवी घातली, तीही गेली. हल्ली मालच असा येतो, म्हणाले.

"ताई." फोनमधून आवाज आला. "कसली केबल म्हणाले ते?"

मी मामांकडे बघितलं. त्यांनी पुन्हा सांगितलं, माझ्याकडे बघून, पण जरा मोठ्याने.

"हे मला कोणी कधी सांगितलंच नाय," निलेश म्हणाला. मग म्हणाला, "मीटरची काळी वायर बॅटरीच्या मायनसला लाव. लाल इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. चावी मारायला सांग. आकडा शून्याजवळ पायजे."

आकडा पंधरा आला.

त्याने जे सांगितलं ते मला समजलं तसं लिहिते. स्टार्टरकडे गेलेला करंट बॅटरीकडे परतही यावा लागतो. बॅटरीचं मायनस चासीला जोडलेलं असतं, पण इंजिन रबरावर बसलेलं असतं, म्हणून इंजिन आणि चासी यांना जोडणारी तांब्याची एक विणलेली पट्टी असते. परतीची वाट ती. ती अडली तर करंट मिळेल त्या लोखंडातून जातो. अ‍ॅक्सिलरेटरच्या बारीक केबलमधूनही. ती तापते, जळते.

मामांनी पोतं अंथरलं आणि गाडीखाली सरकले. मी बाजूने टॉर्च धरला. पट्टी चांगली दिसत होती. दोन्ही टोकांना बोल्ट घट्ट होते. मामांनी चासीकडचा बोल्ट सोडला आणि पट्टी बाजूला केली.

खाली लोखंड नव्हतं. रंग होता. लाल, गुळगुळीत, नखाएवढा जाड.

मी फोनकडे तोंड करून म्हटलं, "पट्टीच्या खाली रंग आहे."

शेजारच्या इमारतीत कुकरची शिट्टी झाली.

"मी बघितला होता रंग," निलेश म्हणाला. "घासून बसवायला पायजे होती पट्टी. घाईत तसाच बोल्ट मारला."

गाडीखालून मामांचा आवाज आला. "गिअरबॉक्स खाली होता तेव्हा दसरा आला. पट्टी लोंबत होती. रंग मी मारला."

यातलं काही मला कोणी कोणाला सांगायला सांगितलं नाही.

मामांनी माझ्याकडून पॉलिश पेपर मागितला. मी घासते म्हटलं, तर नको म्हणाले. ते कितीतरी वेळ घासत राहिले. रंगाचा भुगा त्यांच्या चष्म्यावर पडला. खाली पांढरं लोखंड दिसलं तरी ते थांबले नाहीत. मग पट्टी बसवली आणि बोल्ट आवळला.

या वेळी चावी फिरवल्यावर इंजिन फिरलं. नुसतंच फिरत राहिलं, पेटेना.

"अण्णा," निलेश थेट वडिलांना म्हणाला, "डिझेलमध्ये हवा असेल. पंप मारा."

"कळतंय मला."

पण ते हसले. मी बघितलं. हातपंप मारला तसा आधी फेस आला, मग नुसतं डिझेल. मामा परत केबिनमध्ये चढले. इंजिन दोन वेळा खोकलं आणि लागलं. पांढरा धूर अंगणभर झाला. मामी दारात उभी होती. तिने धुराने डोळे पुसले असतील.

मी फोन उचलून निलेशला विचारलं, ऐकू येतंय का. तो म्हणाला, हो, आणि फोन ठेवला नाही.

दुपारी मी निघाले. पेणला मल्टीमीटर परत दिला. वडील काय म्हणाले, हे त्याने विचारलं नाही. धूर पांढरा होता की काळा, एवढं विचारलं. आधी पांढरा, मग दिसेनासा झाला, मी सांगितलं. बरं, म्हणाला. मी पोह्याचे पापड घेतले. पेणला गेलात तर घ्या, दुकान कोणतंही चालेल.

घरी आले तेव्हा नखांत लाल रंग होता. तो दोन दिवसांत गेला. सोमवारच्या माणसाला मामांनी वाटेतूनच परत पाठवलं, हे नंतर कळलं. प्रवासात मी काय पाहिलं असं कोणी विचारलं तर सांगण्यासारखं फार नाही. रोह्याची नदीसुद्धा पुलावरून जाताना दिसली तेवढीच. एका माणसाला पट्टी माहीत होती, दुसऱ्याला केबल, आणि मधे वीस-पंचवीस मैलांचा रस्ता होता, हे राहिलं.

दसरा झाल्यावर मामीचा फोन आला. निलेश आठ दिवस घरी होता. बोलतात का दोघे, मी विचारलं.

"बोलतात कसले, भांडतात," ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती.

मामांनी चासीला पुन्हा रंग मारला. मारण्याआधी निलेशने पट्टी सोडली, बोल्टाभोवतीची जागा घासली आणि तिच्यावर चिकटपट्टी लावली. मामांनी ब्रश तिच्या कडेकडेने फिरवला. सगळी चासी लाल झाली. रुपयाएवढी जागा त्यांनी कोरी सोडली.